बर्गेनमध्ये न घातलेलं गाऱ्हाणं

दादा,

तू गेलास त्याला आज सव्वीस दिवस झाले आणि मी अजून तुझ्यावर चिडलेलोच आहे. मेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. म्हणोत. मी सकाळी उठतो, चहा घेतो, घरापुढच्या खळ्यात जातो, परत येतो, पुन्हा खळ्यात जातो. सुलभा विचारते, कोणाची वाट बघताय काय. मी नाही म्हणतो आणि परत उठतो. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, पायांना बसायची सवय नाही असं तिला सांगतो. तिला खरं काय ते कळतं, पण ती बोलत नाही. तिच्या न बोलण्याचाही मला राग येतो.

जन्मभर तुझ्याशी मालवणीत बोललो आणि आता लिहायला बसलो तर ही शाळेतली भाषा हातातून उतरते आहे. चालवून घे. तू तिकडे नॉर्वेत चाळीस वर्षं काय काय चालवून घेतलंस, त्यात ही एक भर.

मला मागच्या ऑक्टोबरातल्या त्या एका दिवसाबद्दल बोलायचं आहे. बाकी तुझं चरित्र सांगणारे पुष्कळ आहेत. बोटीवर आचारी म्हणून गेला, गोऱ्या बायकोबरोबर तिकडेच राहिला, हे कट्ट्याच्या बाजारात कोणीही सांगेल, वर पदरचा मसाला घालून. त्या दिवशी तू माझ्याकडे देवापुढचं एक गाऱ्हाणं मागितलंस आणि मी ते घातलं नाही. हे फक्त तुला आणि मला माहीत आहे.

मी बर्गेनला फिरायला आलो नव्हतो, हे तुलाही ठाऊक होतं. सिसेल वहिनी जाऊन चार वर्षं झाली होती. तुझी लेक माया तिच्या संसारात. तू त्या उतारावरच्या लाकडी घरात एकटा. आणि फोनवर तुझा आवाज मला बरा वाटत नव्हता. म्हणून मी पासपोर्ट काढला, चौसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा विमानात बसलो, तुला उचलून घरी आणायला. पश्चिमेकडची खोली रंगवून ठेवली होती. तुझ्या गुडघ्यांसाठी कमोड बसवला होता. वाडीत सगळ्यांना सांगून आलो होतो की दादा येतलो. असं सांगून येणं हा माझा पहिला गाढवपणा.

आल्यापासून मी विषय काढला की तू म्हणायचास, बघूया. मग त्या दिवशी सकाळी ऊन पडलं. तू खिडकीतून बघितलंस आणि म्हणालास की इथे असा दिवस वर्षातून मोजून येतो, आज काही बोलायचं नाही, आज नुसतं फिरायचं. मी विचारलं, किती वाजता निघायचं आणि किती वाजता परत. तू माझ्याकडे असं बघितलंस की जणू मी तुझ्याकडे सुट्टे मागितले.

बसमध्ये चढलो आणि माझं डोकं फिरलं. कंडक्टर नाही. ड्रायव्हर कोणाकडे बघत नाही. माणसं चढतात, उतरतात, कुठे फोन दाखवतात, कुठे तेही नाही. मी तुला विचारलं, तिकीट कोण बघतं. तू म्हणालास, कोणी नाही, लोक काढतात. मी दोन स्टॉप चढणारी माणसं मोजली आणि मग म्हटलं की आपल्याकडे असं केलं तर मालवणहून कट्ट्याला पोचेपर्यंत डेपो विकायला निघेल. तू हसलास, आणि हसता हसता तुला खोकला आला, आणि तो बराच वेळ थांबला नाही. मी पाणी दिलं. खोकला म्हणजे थंडी, इतकंच मला कळलं.

बंदरावर आलो तेव्हा मला जरा बरं वाटलं. समुद्र दिसला की आपल्या माणसाला काय करायचं ते कळतं. लाल, पिवळी, जरा वाकडी लाकडी घरं एकाला एक टेकून उभी, माणसं उन्हाला तोंड करून पायऱ्यांवर बसलेली, झाडांची पानं पिवळी होऊन दगडांवर पडलेली आणि ती कोणी झाडतही नव्हतं. मी मासळीबाजार बघायचा म्हटलं. तिथे बर्फावर बांगडे होते. तू म्हणालास, बांगडा नाही, त्याचा भाऊ. मी म्हटलं, बांगडाच आहे, फक्त सरकारी नोकरीतला, पोट सुटलेला. आणि मालवणच्या बाजारात करतो तसं सरळ बोट घालून कल्ला उघडून बघितला. ताजा आहे की नाही ते बघायला नको? ती हातमोजे घातलेली मुलगी अशी दचकली की जणू मी तिचा हातच धरला. तू तिला काहीतरी सांगितलंस. ती हसली आणि तो मासा बाजूला काढून ठेवला, कारण आता तो दुसरं कोणी घेणार नव्हतं. आपणच घेतला. कल्ला लालभडक होता, हे मी तुला दिवसभर ऐकवत राहिलो.

तू दर थोड्या वेळाने बसत होतास. बंदरावर बाकड्यावर, मग तळ्याकाठी बाकड्यावर, मग चर्चच्या भिंतीपाशी, मग कॉफीच्या दुकानात, तिथे तर अर्धा तास. दालचिनीचा वास येणारा एक गोड पाव तू माझ्यासमोर ठेवलास आणि स्वतः नुसता बघत बसलास. मी पाव खाल्ला, कप सरकवला, बोटांनी टेबल वाजवलं. म्हटलं, चल. तू म्हणालास, खंय? मी चल म्हणायचं थांबवलं नाही. इकडे भातकापणी तोंडावर आली होती, माणसं सांगून ठेवली होती, आणि मी तिकडे तुझं बसणं बघत होतो. मला वाटलं, मला टाळायला बसतोयस. विषय निघू नये म्हणून वेळ काढतोयस.

श्वास पुरत नव्हता म्हणून बसत होतास, हे तू गेल्यावर मायाने सुलभाला सांगितलं तेव्हा मला कळलं. डॉक्टरांनी तुला उन्हाळ्यातच सगळं सांगितलं होतं. दादा, हे तू मला त्या बाकड्यावर सांगितलं असतंस तर मी गप्प बसलो असतो. आयुष्यात पहिल्यांदा बसलो असतो. निदान असं मला वाटतं.

दुपारी रुळांवरून चढणाऱ्या त्या तिरक्या गाडीने डोंगरावर गेलो. खाली सगळं शहर, बेटं, पाणी, पाण्यावर एक पांढरी बोट हळूहळू जात होती. तू बाकड्यावर बसलास. मी कठड्यापाशी उभा. मग माझ्याने राहवलं नाही. मी बोललो सगळं, खोलीचं, रंगाचं, कमोडचं, वाडीतल्या लोकांचं, आई गेल्यावर लावलेल्या आंब्याचं. मी दमलो तेव्हा तू तुझ्या बाजूची जागा थोपटलीस. मी बसलो नाही.

"विज्या," तू म्हणालास, "हय एक गाऱ्हाणा घाल."

मला थट्टा वाटली. मी म्हटलं, इथे कोण ऐकणार?

"हयचो जो कोण राखणदार आसात, तो. तेका सांग, हो माझो भाव. हेका पदरात घे."

आता हे आपल्याकडच्या माणसाला फोडून सांगावं लागत नाही. गाऱ्हाणं म्हणजे देवाला मोठ्याने, चारचौघांत, सरळ बोलीत सांगणं, आणि प्रत्येक मागण्यामागे बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणणं. पण ते हवेत घालत नाहीत. आपण उभे आहोत ती जागा ज्याची, त्याचं नाव आधी. त्याची सत्ता मानायची, आणि मग आपलं माणूस त्याच्या स्वाधीन करायचं. म्हणजे तू माझ्याकडे काय मागत होतास ते मला तिथल्या तिथे कळलं. मी तुला घरी न्यायला आलो होतो आणि तू मला सांगत होतास, माझ्या हाताने मला इथे ठेवून जा.

आणि मी जे बोललो ते तुला पाठ असेल.

"गाऱ्हाणा घालीन तर आपल्या घरात. येवचा आसात तर ये, नायतर रव हयच. आणि मेलस तर माका कळवू नको म्हणान सांग तुझ्या चेडवाक."

तू बोट बेटामागे जाईपर्यंत बघत बसलास. मग उठलास, माझ्या खांद्यावर हात ठेवून, आणि तो हात गाडीत बसेपर्यंत काढला नाहीस. तो आधारासाठी होता की मला गप्प करायला, मी अजून ठरवतोय. संध्याकाळी तू त्या बांगड्याचं तिरफळ घालून झणझणीत तिखलं केलंस. तिरफळं मीच आणली होती. मी दोनदा भात घेतला. उरलेले चार दिवस आपण मासे, गुडघे आणि हवामान यांवर बोललो. विमानतळावर तू म्हणालास, पोचलास की फोन कर. मी म्हटलं, करीन. झालं.

आता भांडण पुढे चालवायला तू नाहीस, म्हणून दोन्ही बाजू मीच बोलतो. खळ्यात फेऱ्या मारतो त्या त्याच्याच. मी म्हणतो, घर तुझं होतं. तू म्हणतोस, तुझंही आहे. मी म्हणतो, बाबा तुझी वाट बघत गेले. तू म्हणतोस, माहीत आहे. आणि तू माहीत आहे म्हणालास की मला पुढे बोलता येत नाही, तुझी ही खोड जुनीच.

बाबा गेले तेव्हा तू बोटीवर होतास, कुठल्या समुद्रात तेही आम्हाला ठाऊक नव्हतं. मी वीस वर्षांचा. गाऱ्हाणं घालायचा मान मोठ्या मुलाचा, पण उभा राहिलो मी, आणि दोन वाक्यांत अडकलो. सगळी वाडी व्हय म्हाराजा म्हणायला तोंड उघडून उभी आणि मला पुढचं सुचेना. धाकट्या काकांनी मला मागे ओढलं आणि पुरं केलं. ही गोष्ट मी तुला पत्रात लिहिली होती. दोन महिन्यांनी तुझं पाकीट आलं. बाबांचं अख्खं गाऱ्हाणं, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, तुझ्या बारीक अक्षरात, कुठे थांबायचं आणि कुठे श्वास घ्यायचा तिथे रेघा मारून. बोटीच्या स्वयंपाकघरात कुठल्यातरी पिठाच्या पोत्यावर बसून आठवून आठवून लिहिलं असशील. कागदाला तेलाचे डाग होते. त्यानंतर कालपर्यंत मी कधी अडकलो नाही. आता लग्नाला, होळीला, नवीन होडी पाण्यात ढकलताना लोक मला बोलावून नेतात. म्हणतात, विजयाचो आवाज काय, शब्द काय. शब्द तुझे होते, दादा. हे मी चव्वेचाळीस वर्षांत एकदाही कोणाला सांगितलं नाही. तुलाही थँक्यू म्हटलं नाही. आपल्यात तसं कुठे म्हणतात?

आणि तेच तू परत मागितलंस, तर मी नाही म्हणालो.

मायाने मला न करता सुलभाला फोन करून सांगितलं की तिचे बाबा गेले. सुलभा आतून बाहेर आली, फोन हातात, आणि मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. तेव्हापासून मला एकच प्रश्न खातोय. माझ्या नंबरवर का नाही केला तिने? तू तिला सांगितलं होतंस काय मी डोंगरावर काय बोललो ते? थट्टेत सांगितलं असशील, हसत, तुझा काका असा म्हणाला म्हणून. की तिला फक्त बाईमाणसाशी बोलायचं होतं? मला विचारायचं धाडस होत नाही. तू असतास तर तुलाच विचारलं असतं, हा त्यातला विनोद.

इथलं सगळं केलं. बारावं, तेरावं, भटजींनी सांगितलं ते ते. डोकं भादरलं. वाडी जेवली. गेलेल्या माणसाला घरात घेतात, तसं तुझ्या नावाने उंबऱ्याच्या आत घ्यायचं ते घेतलं. भटजी म्हणाले, आता तो घरात आला, आता तुम्ही निवांत. मी निवांत झालो नाही. माणूस घरात आला म्हणजे काय ते मला कळतं. खोली रिकामीच होती. रंगाचा वास अजून येतो तिला.

मग गेल्या शनिवारी मायाचा मला फोन आला. या वेळी मला. तिचं मराठी तुझ्यासारखं मालवणीच, फक्त शब्द जरा लांब लांब. ती म्हणाली की तुझ्या अस्थींचा कलश गुरुवारी दुपारी सिसेल वहिनीच्या शेजारी ठेवायचा आहे. फोनवर मला दिसेल. आणि बाबांनी सांगून ठेवलंय, ती म्हणाली, काकाला विचार, घालणार असेल तर गाऱ्हाणं घालेल. नाही म्हणाला तर पुन्हा विचारू नको.

पुन्हा विचारू नको. म्हणजे मरतानाही तू मला पळवाट ठेवून गेलास. दादा, तुझ्या या चांगुलपणाने माझा जीव नकोसा केलाय.

मी तिला लगेच हो म्हटलं नाही. कळवतो म्हटलं. चार दिवस मी माणसात नव्हतो. बाजारात गेलो आणि पिशवी विसरून आलो. वाटेत ओळखीचे हाक मारतात ते ऐकू आलं नाही. सुलभाने बुधवारी मासे साफ करता करता, मान वर न करता विचारलं, "तेका हय कशाक आणूचो होतो तुमका? तेच्यासाठी, काय तुमच्यासाठी?"

मी उठून बाहेर गेलो. पण उत्तर बरोबर आलं.

माझ्यासाठी. घरासाठी नाही, बाबांसाठी नाही, आंब्यासाठी तर नाहीच. तू बोटीवर गेलास तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो, आणि तेव्हापासून मी या घरात मोठा भाऊ असल्याचं सोंग करतोय. सगळे मला विचारतात, सगळे माझ्याकडे बघतात. मला एकदा, निदान म्हातारपणी, धाकटं व्हायचं होतं. कोणीतरी मला विज्या म्हणायला हवं होतं. मला विज्या म्हणणारा तू शेवटचा होतास. हे मी डोंगरावर बोललो असतो तर कदाचित तू आला असतास, आणि कदाचित आला नसतास. पण मी कमोडचं बोललो.

त्याच रात्री मी मायाला हो कळवलं. काल दुपारी साडेचारला फोन लागला. तिकडे बारा वाजले होते. मी खळ्यात उभा राहिलो, अनवाणी, डोक्याला पंचा. सुलभाने फोन पाण्याच्या पिंपावर टेकवून ठेवला. गवत, एक छोटा खड्डा, दगडावर वहिनीचं नाव, आणि आभाळ राखाडी. माया, तिचा नवरा, तुझ्या बोटीवरचे दोन म्हातारे, आणि शेजारची ती आजी जी मी तिकडे असताना मला रोज कुकीज आणून द्यायची. मायाने सगळ्यांना काय म्हणायचं ते शिकवून ठेवलं होतं.

मी सुरू केलं. आवाज लागला. बा देवा म्हाराजा म्हटलं आणि पुढे थांबलो, कारण तिथे नाव यायला हवं आणि मला ते माहीत नव्हतं. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा अडकलो. तुझ्या रेघा तिथे नव्हत्या. मग जे आलं ते बोललो.

"ह्या डोंगराच्या, ह्या दर्याच्या राखणदारा म्हाराजा. तुझा नाव माका ठावक नाय, ती चूक पदरात घे."

तिकडून सगळे म्हणाले, व्हय माराजा. आजीचा आवाज सगळ्यांत मोठा.

"हो माझो मोठो भाव. चाळीस वर्सां तुझ्या पाण्यावर वाढलो. ह्याच्यापुढे तो तुझो. आमचो हक्क आमी सोडलो."

व्हय माराजा.

"तेका दर्याकडे बघीत बसूक आवडता. बसांदे. तेका कोणी चल म्हणा नको."

व्हय माराजा, ते म्हणाले, आणि माझा आवाज तिथे संपला. शेवटचं जे म्हणायचं असतं, चुकलं माकलं माफ कर, ते सुलभाने माझ्या मागून म्हटलं. बायका कधी म्हणत नाहीत. तिने म्हटलं.

कलश खाली गेला. मायाने माती टाकली. एकेकाने टाकली, मग म्हातारे टोप्या घालून निघून गेले, आजीला मायाच्या नवऱ्याने हाताला धरून नेलं. पाऊस सुरू झाला होता, अगदी बारीक. माया फोनजवळ आली, नाक लाल झालं होतं तिचं. काका, झालं सगळं, तिने सांगितलं, आता फोन बंद करते, तुम्हाला कामं असतील.

मी पिंपाशेजारी खाली जमिनीवर बसलो.

"फोन थयच ठेव गो थोडो वेळ, तेच्याकडे तोंड करून," मी म्हटलं. "माका खंय जावचा नाय."